पाडळीचा कारखानदार, मुंबईचा मुख्यप्रधान

मुंबई इलाख्याच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या कारभाराची सूत्रे ज्यांनी सांभाळली, त्यांची नामावळी सांगताना आपल्याकडील बहुतेक लोक बाळासाहेब खेरांपासून प्रारंभ करतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नाही. कारण खेरांच्या पाठीशी एका मोठ्या चळवळीचे पुण्य होते, कारावास होता, निवडणुकीतील विजय होता, आणि ज्या गृहस्थाने त्यांच्या आधी साडेतीन महिने त्याच आसनावर बसून इलाख्याचा कारभार पाहिला, त्याच्या पाठीशी यांपैकी काहीही नव्हते. १ एप्रिल १९३७ रोजी, म्हणजे १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याचा प्रांतिक भाग अमलात आला त्याच दिवशी, मुंबईचे पहिले मुख्यप्रधान म्हणून सर धनजीशा बोमनजी कूपर यांनी अधिकारग्रहण केले. ते जातीने पारशी, राहणारे साताऱ्याचे, धंद्याने लोखंडी नांगरांचे कारखानदार आणि पक्षाने ब्राह्मणेतर होते, आणि त्यांच्या संपत्तीचा उगम दारूच्या मक्त्यात होता. एवढी परस्परविसंगत विशेषणे एका नावामागे लागलेली पाहून आजच्या वाचकास नवल वाटेल. परंतु त्या काळचा जिल्हा, त्या काळची कचेरी आणि त्या काळचे कायदे ध्यानात घेतले, म्हणजे या सर्व गोष्टी एकाच झाडाच्या फांद्या असल्याचे दिसू लागते.

कूपरांचा जन्म १८७८ सालचा. योगायोग असा की, मुंबई सरकारने आपला अबकारी कायदा केला तोही त्याच साली. या कायद्याच्या पूर्वी गावोगाव लहान भट्ट्या असत, मोहाची दारू गाळणारा आणि विकणारा बहुधा एकच असे, आणि सरकारच्या पदरात त्यातून जे पडे ते तुटपुंजे व बेभरवशाचे असे. नव्या कायद्याने गावच्या भट्ट्या बंद पडल्या, दारू गाळण्याचे काम सरकारच्या देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांकडे गेले, दर गॅलनमागे कर बसला, आणि एकेका मुलखाला दारू पुरवण्याचा हक्क मोठ्या मक्तेदारांच्या हाती जाऊ लागला. मक्ता घ्यावयाचा म्हणजे हाताशी भांडवल हवे, सरकारदरबारी पत हवी, इंग्रजीतील अटी वाचणारा कारकून हवा आणि वेळेवर हप्ता भरण्याची शिस्त हवी. आणि या चारही गोष्टी ज्यांच्या घरात तयार होत्या अशी जमात म्हणजे पारशी. म्हणून ठाण्यापासून खानदेशापर्यंत आणि गुजराथेपासून देशावरच्या बाजारपेठांपर्यंत दारूच्या दुकानावर पारशी शेठ बसलेला आढळे. प्रांताच्या उत्पन्नात जमीनमहसुलाच्या खालोखाल अबकारीचे उत्पन्न असे, तेव्हा हा शेठ म्हणजे केवळ दुकानदार नव्हे, तर सरकारी खजिन्याचा एक बिनपगारी वसूलदारच होता, असे म्हटले तरी चालेल.

धनजीशांनी या धंद्यात पाऊल टाकले ते सामान्य स्थितीतून, आणि वर चढले ते स्वतःच्या अकलेवर व धाडसावर. या धंद्याने त्यांना पैसा दिला हे उघडच आहे. पण त्याहून मोलाचे एक शिक्षण दिले, ते असे की रयत आणि सरकार यांच्यामध्ये एक जागा असते, ती जागा जो धरतो त्याला दोन्ही बाजूंची गरज कळते, आणि दोन्ही बाजूंना त्याची गरज भासू लागते. मामलेदार कोणत्या महिन्यात नडतो, कलेक्टरची बदली केव्हा व्हावयाची आहे, कोणत्या गावच्या पाटलाचे कोणत्या भावकीशी वैर आहे, लिलावाच्या दिवशी कोण कोणाच्या नावावर बोली बोलणार आहे, ही विद्या कोणत्याही कॉलेजात शिकवत नाहीत, आणि जिल्ह्याचे राजकारण मात्र पुष्कळ अंशी हिच्यावरच चालते. कूपरांचे पुढचे सारे आयुष्य या विद्येचा विस्तार आहे, असे माझे मत आहे. त्यांचे विरोधक त्यांना धूर्त म्हणत, स्नेही त्यांना कर्तबगार म्हणत, आणि दोघेही बहुधा त्याच एका गुणाविषयी बोलत असत.

आता पाडळीकडे वळू. पुण्याहून मिरजेकडे जाणारी लहान रुळांची रेल्वे साताऱ्याला बगल देऊन कोरेगावच्या बाजूने गेली, आणि शहरापासून आठदहा मैलांवर पाडळी गावाशी ‘सातारा रोड’ नावाचे स्टेशन झाले. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नसावी आणि एका खेड्याला ती असावी, हा साताऱ्याच्या बाजारपेठेच्या दृष्टीने दुर्दैवाचा भाग होता. पण ज्याला जड माल आणावयाचा आणि जड माल पाठवावयाचा आहे त्याच्या दृष्टीने स्टेशनाशेजारची माळाची जमीन ही सोन्याची होती. येथे १९२२ साली ‘सातारा इंडस्ट्रियल वर्क्स’ हा कारखाना उभा राहिला, आणि तोच पुढे कूपर इंजिनिअरिंग या नावाने प्रसिद्धीस आला. त्याचा मुख्य माल लोखंडी नांगर.

नांगराची ही हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण त्यावाचून त्या दशकातील दक्षिण महाराष्ट्राचे अर्थकारण कळावयाचे नाही. आपला जुना नांगर बाभळीचा. हाळीस, रुमणे आणि जू सारे लाकडाचे, टोकाला तेवढा लोखंडाचा लहानसा फाळ. गावच्या सुताराने घडवावा, लोहाराने फाळ शेवटून द्यावा आणि वर्षाकाठी दोघांना बलुते घालावे. हा नांगर जमीन चिरतो, परंतु परतवीत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा एकदा माजला म्हणजे त्याच्यापुढे लाकडी नांगर हतबल होतो. लोखंडी नांगर खोल जातो, मातीची वडी उलटी पाडतो, आणि हरळीच्या काशा वैशाखाच्या उन्हात उघड्या टाकतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे नांगर करावयास घेतले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे त्यांना गिऱ्हाईक मिळेना, ही कथा सर्वश्रुत आहे. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसली, आणि पहिल्या महायुद्धात बाहेरचे लोखंड येईनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी देऊन त्या कारखान्याची भट्टी चालू ठेवली. युद्ध संपेतो शेतकऱ्याची भीती मोडली होती. नांगर जड, त्याला दोन किंवा अधिक जोड्या लागत. तेव्हा ज्याच्या दावणीला एकच जोडी तो शेजाऱ्यांशी इर्जिक करी आणि पाळीपाळीने चारपाच जणांची शेते नांगरून होत. शिवाय ओतीव फाळ झिजतो, आणि झिजला की तो शेवटून देणे गावच्या लोहाराच्या आवाक्यातले नसते. नवा फाळ कारखान्याकडूनच आणावा लागतो. एक नांगर विकला म्हणजे पुढची दहावीस वर्षे त्या शेतकऱ्याशी व्यवहार जडला. मक्त्याच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला या व्यवहारातील मर्म चटकन उमगले असल्यास आश्चर्य नाही.

परंतु कूपरांना हे मर्म उमगवून देणारा, किंवा निदान त्या दिशेने ढकलणारा, एक दुसराच माणूस होता, आणि तो म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. कुंभोजच्या जैन शेतकरी घराण्यातला हा धिप्पाड तरुण पुतळ्याला डांबर फासल्याच्या कोल्हापूरच्या प्रकरणात अडकला होता. तेथे अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी त्याचे हाल केले आणि त्याने ती साक्ष दिली नाही. त्यानंतर पोटासाठी त्याने ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले, आणि या फिरतीच्या निमित्ताने जिल्ह्यातील खेडे न् खेडे पायांखाली घातले. विक्रेत्याची ही नोकरी त्याला शिक्षणाच्या कार्याकडे घेऊन गेली; कारण ज्याच्या अंगणात बसून नांगराचा सौदा करावयाचा त्याला दरपत्रक वाचता येत नाही, पावतीवर अंगठा उठवावा लागतो, हे त्याने शेकडो ठिकाणी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली, ती या अनुभवातून.

पाडळीचा कारखाना उभा राहिला तो या दोघांच्या सहकार्याने. पैसा आणि सरकारातील वजन कूपरांचे. शेतकऱ्यांतील विश्वास, विक्रीचे जाळे आणि हिंडण्याची ताकद भाऊरावांची. आणि कारखान्याला बरकत आली म्हणजे नफ्यातील काही हिस्सा गरीब मुलांच्या शिक्षणाकडे वळवावयाचा, असा उभयतांत बोलाचालीचा करार. कारखान्याला बरकत आली. वचन मात्र पाळले गेले नाही. कूपरांची बाजू मांडणारा कोणी असता तर त्याने कदाचित म्हटले असते की धंद्याच्या प्रथम वर्षांत वाटावयाजोगा नफा नसतोच, आणि तोंडच्या शब्दाला हिशेबाच्या वहीत सदर नसते. परंतु भाऊराव हिशेबाच्या वहीचे माणूस नव्हते. त्यांचा संताप इतका अनावर झाला की ते हत्यार घेऊन कूपरांचा जीव घेण्यास निघाले होते आणि स्नेह्यांनी त्यांना आवरले, अशी हकीकत साताऱ्याकडे अद्याप सांगतात. ते काहीही असो, त्या भांडणातून एक गोष्ट निष्पन्न झाली: धनिकाच्या औदार्यावर शिक्षणसंस्था उभी करण्याचा नाद भाऊरावांनी सोडला आणि मूठमूठ धान्य गोळा करून, मुलांच्या श्रमावर, साताऱ्यात वसतिगृह चालवले. महात्मा गांधी १९२७ साली ते पाहून गेले. या कलहात न्याय कोणाच्या बाजूला होता हे ठरविण्यास फारशी बुद्धी लागत नाही. तथापि ज्या जिल्ह्यात त्या वेळी ओतशाळा म्हणून औषधालाही सापडत नव्हती, तेथे माळावर भट्टी पेटवून शेतकऱ्यांच्या पोरांना फिटर आणि ओतारी बनवणे हेही लहान काम नव्हते, आणि ते कूपरांनी केले, हे त्यांच्या खाती जमा धरले पाहिजे. नांगरांच्या पाठोपाठ तेथे तेलावर चालणारी इंजिने होऊ लागली, आणि विहिरीवर मोट ओढणाऱ्या बैलांच्या जागी फटफट करणारे यंत्र बसण्याचा जो पालट पुढे झाला, त्याच्या आरंभीच्या देशी कारखान्यांत पाडळीची गणना होते.

हा धंदा चालू असतानाच कूपरांचे दुसरे कार्यक्षेत्र तयार होत होते. १९१९ च्या सुधारणांनी प्रांताचा कारभार दोन भागांत वाटला. पोलीस, जमाबंदी व तिजोरी गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलरांकडे राहिली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकनियुक्त दिवाणांकडे आली. पुढाऱ्यांची दृष्टी मुंबई-पुण्याच्या कौन्सिल हॉलकडे लागली. पण व्यवहारी माणसाने हेरले असते की खरी सत्ता खाली, जिल्ह्यात, उतरत आहे. त्यापूर्वी जिल्हा लोकलबोर्डाचा अध्यक्ष म्हणजे बहुधा कलेक्टर. १९२३ च्या कायद्याने ती जागा निवडून आलेल्या माणसाला खुली झाली. त्याच वर्षी प्राथमिक शिक्षणाचा कायदा होऊन शाळा स्कूलबोर्डांच्या ताब्यात गेल्या.

याचा अर्थ काय झाला तो नीट पाहू. शेतसाऱ्यावर रुपयामागे घेतली जाणारी लोकलफंडाची पट्टी, रस्त्यांची आणि पुलांची कामे, धर्मशाळा, विहिरी, दवाखाने, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जिल्हाभर पसरलेल्या शेकडो प्राथमिक शिक्षकांच्या नेमणुका व बदल्या, एवढे सारे एका कचेरीत एकवटले. त्या काळच्या खेड्यात मास्तर हा पत्रे वाचून दाखवणारा, अर्ज लिहून देणारा, पोस्टाचे काम पाहणारा आणि बरेचदा गावातील एकमेव लिहिता माणूस. त्याची बदली डोंगरापलीकडच्या वाडीवर करणे किंवा त्याला स्वतःच्या गावाशेजारी आणून ठेवणे, हे ज्याच्या हाती त्याच्या शब्दाला निवडणुकीत किती वजन येत असेल, याची कल्पना करावी. कंत्राटदाराचे बिल, पाटलाच्या मळ्याकडे जाणारी सडक, भावकीतल्या पोराची पंतोजीची नोकरी: अशा शंभर धाग्यांनी विणलेले हे जाळे होते, आणि त्याच्या मध्यभागी धनजीशा कूपर बसले. लोकलबोर्ड त्यांच्या तंत्राने चालू लागले. त्यांच्या विरोधकांनी या अमलाला ‘कूपरशाही’ असे नाव दिले आणि ते लोकांच्या तोंडी बसले.

एक पारशी शेठ ब्राह्मणेतर चळवळीचा जिल्ह्यातील धुरीण कसा होतो, हा प्रश्न आता राहतो. सातारा जिल्हा हा सत्यशोधक समाजाचा बालेकिल्ला. १९१९ ते २१ या काळात तेथील कुळांनी ब्राह्मण जमीनदारांविरुद्ध आणि पुरोहितांविरुद्ध जे उठाव केले त्यांनी पुण्यापर्यंत खळबळ उडवली. या असंतोषाला कौन्सिलात वाचा फोडण्यासाठी जो पक्ष उभा राहिला, त्याचे ज्येष्ठ नेते भास्करराव जाधव विद्वान होते, सत्यशोधक विचाराचे होते, पुढे दिवाणही झाले. परंतु चळवळ आणि पक्ष यांत अंतर असते. चळवळ जलशांवर आणि भाकरीवर चालते. पक्षाला मोटारी लागतात, छापखाना लागतो, उमेदवारांच्या अनामती लागतात, आणि निवडणुकीच्या दिवशी मतदारांना बैलगाड्यांतून आणून पोचवावे लागते. हा खर्च सोसणारा आणि ही यंत्रणा राबविणारा माणूस पक्षाला हवा होता. कूपरांना ब्राह्मण पुढाऱ्यांच्या काँग्रेसविषयी प्रेम असण्याचे कारण नव्हते. राजनिष्ठा हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. आणि मराठा, माळी, धनगर, जैन अशा जातींच्या आपसातील स्पर्धेत कोणत्याच जातीचा नसलेला मध्यस्थ सर्वांना सोयीचा वाटे. मुंबई कौन्सिलात मराठे व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवल्या होत्या. त्यांवर कूपरांचा हक्क पोचत नव्हता, पण त्या जागांवर कोण जाणार याविषयी त्यांच्या शब्दाला किंमत होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. मतदार म्हणजे त्या काळी ठरावीक रकमेहून अधिक सारा भरणारा खातेदार. कुळे, मजूर, बहुतेक सर्व बायका आणि अस्पृश्य या गणतीत नव्हते. ज्या रयतेच्या नावाने पक्ष बोलत होता तिच्यातील थोड्यांनाच मत होते. जोतीराव फुल्यांनी ज्या शूद्रातिशूद्रांची कैफियत मांडली, त्यांच्या नावाने उभारलेली ही इमारत सधन पाटलांच्या आणि एका दारूच्या मक्तेदाराच्या खांद्यांवर यावी, ही गोष्ट त्या वेळच्या प्रामाणिक सत्यशोधकांना डाचल्याशिवाय राहिली नाही. १९३० च्या कायदेभंगात हे उघड झाले. बिळाशीच्या जंगल सत्याग्रहात शेतकरी उतरले. केशवराव जेधे यांच्यासारखे ब्राह्मणेतर पुढारी काँग्रेसकडे वळले. नाना पाटील तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत शिरले. ब्राह्मणेतर पक्षाच्या पायाखालची जमीन सरकू लागली, आणि नेमक्या त्याच वर्षांत कूपर प्रांताच्या कारभारात उच्चपदाला पोचले. गव्हर्नरच्या सरकारात त्यांचा समावेश झाला. जिल्ह्यातली पकड सैल होत असता सरकारातली जागा वर वर जात होती. वरून पाहणाऱ्याला याचा अर्थ उत्कर्ष असाच वाटला असेल.

१९३७ च्या निवडणुकीत मतदारांचे मंडळ पुष्कळ विस्तारले होते. देशभरात तीन कोटींहून अधिक लोकांना मताचा हक्क मिळाला. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसने जिंकल्या. बहुमताला दोन कमी, पण दुसरा कोणताही पक्ष तिच्या जवळपास नव्हता. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी रीतसर काँग्रेस पक्षाचे नेते खेर यांना पाचारण केले. काँग्रेसची अट अशी की गव्हर्नरने आपले विशेषाधिकार दैनंदिन कारभारात वापरणार नाही, असे आश्वासन द्यावे. गव्हर्नरचे उत्तर असे की कायद्याने दिलेला अधिकार आश्वासनाने सोडता येत नाही. बोलणी मोडली. १ एप्रिल तर दारात येऊन ठेपली होती, आणि नव्या कायद्याप्रमाणे मंत्रिमंडळ हवेच होते. अशा वेळी मुंबईत कूपर, मद्रासेत कुर्मा वेंकट रेड्डी नायडू, मध्यप्रांतात राघवेंद्रराव, संयुक्त प्रांतात छत्तारीचे नबाब, बिहारात महंमद युनूस आणि ओरिसात पर्लाकिमेडीचे महाराज, अशी सहा प्रांतांत सहा तात्पुरती मंत्रिमंडळे बसविण्यात आली.

कूपरांच्या मंडळात ते धरून चौघे होते. हुबळीचे सर सिद्धप्पा कांबळी हे कर्नाटकाकडील लिंगायतांचे आणि ब्राह्मणेतरांचे पुढारी व पूर्वीचे शिक्षणदिवाण; हुसेनअल्ली रहिमतुल्ला मुंबईच्या एका प्रतिष्ठित मुस्लिम घराण्यातील; आणि चौथे जमनादास मेहता. या शेवटच्या नावाने तेव्हा सर्वांत अधिक भुवया उंचावल्या. टिळकांच्या परंपरेचा अभिमान सांगणारा, मजुरांच्या सभा गाजवणारा, लोकशाही स्वराज्य पक्षाचा हा वाक्पटू नेता कूपरांच्या पंगतीत जाऊन बसला, हे काँग्रेसवाल्यांना सहन होणे शक्य नव्हते. मिळालेला अधिकार राबवून घ्यावा, या टिळकपक्षीय प्रतिसहकारवादाचाच हा परिणाम, असे समर्थन त्यांना करता आले असते, आणि ते तर्काला सोडून नव्हते.

त्याच वसंत ऋतूत मुंबईच्या पारशी समाजाने आणखी एक चमत्कार पाहिला. वीर नरिमन, म्हणजे मुंबई काँग्रेसचे लोकप्रिय अध्यक्ष खुर्शेद नरिमन, यांना विधानसभा पक्षाचे नेतेपद मिळेल असे सारे शहर धरून चालले होते. ते पद खेरांना गेले, नरिमनांनी वल्लभभाईंवर आरोप केले, चौकशी झाली, आणि नरिमनांचे राजकीय जीवन जवळजवळ संपले. ज्याच्यासाठी मुंबईचे रस्ते फुलत त्या पारशाला मुख्यप्रधानपद लाभले नाही, आणि ज्याला मुंबईच्या रस्त्यावर कोणी ओळखले नसते तो पाडळीचा पारशी मुख्यप्रधान झाला.

या मंत्रिमंडळाची अडचण अगदी साध्या गणिताची होती. विधिमंडळ बोलावले की त्याच दिवशी अविश्वासाचा ठराव संमत होणार. म्हणून ते बोलावायचे नाही. पण कायद्याने ते कायमचे टाळता येत नव्हते आणि अर्थसंकल्पाचा प्रश्न पुढे उभा होताच. तेव्हा कूपर जो कारभार करीत होते तो खरे पाहता सांभाळणाऱ्याचा कारभार, दुसऱ्याच्या घराच्या किल्ल्या घरमालक परत येईपर्यंत जवळ बाळगण्यासारखा. जून महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी खुलाशाचे निवेदन काढले, जुलैच्या प्रथम सप्ताहात वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने अधिकारस्वीकारास संमती दिली, आणि १९ जुलै रोजी खेर अधिकारारूढ झाले. त्याच दिवशी पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये नव्या विधानसभेची पहिली बैठक भरली. मुख्यप्रधान या नात्याने कूपरांना त्या सभागृहाला सामोरे जाण्याचा प्रसंग एकदाही आला नाही.

त्यांना त्या वेळी सरकारचे बाहुले म्हणून हिणवण्यात आले, आणि राष्ट्रीय वृत्तपत्रांची भाषा तर त्याहून तिखट होती. हे बोलणे अगदीच निराधार नव्हते, पण अपुरे होते असे मला वाटते. बाहुल्याला स्वतःची इच्छा नसते. कूपरांना ती होती, आणि ती आयुष्यभर एकाच प्रकारची होती. सरकारला एखादी गोष्ट हवी असेल, तिच्यासाठी लोकांतून कोणीतरी जामीन राहावयास हवा असेल, तर आपण पुढे व्हावे, अटी मान्य कराव्यात आणि मुदत संपेपर्यंत काम चोख करावे, या रीतीने त्यांनी अबकारीचा मक्ता घेतला होता, लोकलबोर्ड चालवले होते, आणि १९३७ चा मक्ताही त्याच रीतीने घेतला. फरक एवढाच की या खेपेला लिलावात दुसरा बोलीदार जाणूनबुजून आला नव्हता.

खेरांच्या मंत्रिमंडळात अर्थखाते ज्यांच्याकडे गेले ते अण्णासाहेब लठ्ठे. कूपरांच्याच वर्षी, १८७८ मध्ये, जन्मलेले, एके काळी ब्राह्मणेतर राजकारणातच वाढलेले, आणि ज्यांच्याविरुद्ध साक्ष न दिल्याबद्दल भाऊरावांनी कोल्हापुरात मार खाल्ला होता तेच हे. या मंत्रिमंडळाने दारूबंदीचे धोरण हाती घेतले आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी ते मुंबई शहरात लागू केले; पारशी समाजातून तीव्र निषेध झाला, कारण कित्येक कुटुंबांची उपजीविका आणि कित्येक धर्मादाय निधींचे व्याज या धंद्यात गुंतलेले होते. ज्या उत्पन्नाच्या आधारे १८७८ पासून प्रांताची तिजोरी आणि अनेक शेठांची घरे भरली, त्याच्यावर पाणी सोडण्याचा हा निर्णय जमाखर्चाच्या दृष्टीने अवघड होता, आणि लठ्ठ्यांना त्याची तोंडमिळवणी नव्या करांनी करावी लागली.

कूपर त्यानंतर राजकारणात मागे पडले. १९४० च्या सुमारास सातारा रोडचा कारखाना वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाकडे गेला. युद्धाच्या धामधुमीत यंत्रांना मागणी वाढली होती आणि वालचंदांना ओतशाळा, कारागीर आणि रेल्वेलगतची जागा तयार मिळाली. दोन वर्षांनी बेचाळीसचे आंदोलन उठले, जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले, आणि ज्या खेड्यांतून पूर्वी मास्तरांच्या बदल्यांसाठी शिफारशी येत, त्याच खेड्यांतील तरुण पोस्टाच्या तारा तोडू लागले. भाऊरावांनी १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले होते. तेथील मुले शेतात राबून शिकत, आणि रयत शिक्षण संस्थेच्या शाखा जिल्ह्याबाहेर पसरू लागल्या होत्या. १९४७ च्या जुलै महिन्यात, सत्तांतर पंधरवड्यावर आले असता, धनजीशा कूपर निवर्तले. जिल्हा लोकलबोर्डे त्यानंतर आणखी पंधरा वर्षे जगली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि शिक्षकांच्या नेमणुका व बदल्यांची दप्तरे नव्या अध्यक्षांच्या कचेऱ्यांत गेली. सातारा रोडची ओतशाळा वालचंदनगर इंडस्ट्रीजच्या नावाने पुढेही चालत राहिली.